कंप्युटरमदली नात

त्या दिवशी घरात कोण कोण हुतं ते आदी सांगते. मी हुते. माझे मालक हुते, त्येंचे गुडघे गेलेत, ते दिवसभर वट्ट्यावर बसून असतेत. ल्योक हुता, सून हुती. आन आक्का हुत्या, मालकाच्या थोरल्या बहीण, म्हंजे माझ्या नणंद. त्या तिकडं कर्नाटकात दिल्याल्या, चार दिवस राहाया म्हणून आल्त्या. येवढीच माणसं. आमची नात तवा जित्ती नव्हती. तिचे फोटू तेवढे घरात हुते, कंप्युटरमदी.

मला धड लिहाया येत न्हाय. दुसरीपतूर शाळा झाली आन मंग म्हशीमागं गेले. म्या सांगते, सून टाईप करती. मधीच तिचा हात थांबतो. तवा मी बी थांबते.

आमचं गाव मुरुमच्या अंगाला हाय. सुनेनं लग्नाआदी कंप्युटरचा कोर्स केल्ता. मुरुममदी एक इंटरनेटचं दुकान बंद पडलं, तवा लेकानं तितला जुना कंप्युटर आणला आन मधल्या खोलीत मांडला. गल्लीतल्या पोरांचे निकाल बगाया, कुणाचा सातबारा काढाया माणसं आमच्याकडंच यायची. सून जुन्या साडीचा तुकडा त्येच्यावर झाकून ठेवायची, धूळ बसू नये म्हणून.

नात तीन वर्षाची बी पुरी नव्हती. ताप आला. पयले मुरुमला दाखवलं, मंग मोठ्या दवाखान्यात नेलं. तितनं आणलं ते गुंडाळूनच आणलं. त्याच्यावर मी जास्ती बोलत न्हाय.

येवढं लेकरू जाळत न्हाईत आमच्यात. बांधाला खड्डा घेतला, मीठ टाकलं, ठिवलं. त्येला दहावं न्हाय, तेरावं न्हाय, वर्षाचं बी काय न्हाय. आन फोटू लावायचा न्हाय. मोठं माणूस गेलं तर भिंतीला हार घालून लावतेत. लेकराचा लावत न्हाईत, घरातच ठेवत न्हाईत. फोटू ठिवला की त्येचा जीव त्येच्यात अडकून बसतो, पुन्ना आईच्या पोटी यायचा असला तर येत न्हाय, आसं जुनी माणसं म्हणतेत. आक्कांनीच सगळीकडं फोन करून सांगितलं. सुनेच्या माहेरी, माझ्या भावाच्या घरी, जावांच्या पोरांला. ज्येच्या ज्येच्या मोबाईलमदी तिचे फोटू हुते त्येनं त्येनं पुसून टाकले. वर फोन करून सांगितलं बी, आमी पुसले बरं का, काळजी करू नका. चांगल्या मनानं पुसले सगळ्यांनी. तिचं पुन्ना यायचं अडू नये म्हणून.

लेकाचा तवाचा फोन साधा हुता. त्येच्यात जागा कमी, भरला की त्यो फोटू कंप्युटरमदी टाकायचा आन फोन मोकळा करायचा. व्हिडिओ तर लगी लगी पुसायचा. म्हणून जे काय राह्यलं ते कंप्युटरमदी राह्यलं.

लेकरू गेल्यावर काय दिवसांनी सुनेनं वट्ट्यावर जाऊन मालकाला इचारलं, "मामा, कंप्युटरमदले बी पुसू का?"

मालकानं तोंडातली सुपारी थुकली. मंग म्हणले, "भिंतीला लावायचा न्हाय म्हणतेत. कंप्युटर काय भिंत न्हाय."

तेवढ्यावर ते फोटू राह्यले.

रोज दुपारचं खाणं झालं, भांडी झाली की सून तितं बसायची. एकेक फोटू उघडायची, बगायची, दुसरा उघडायची. मी दारात बसून तूर न्हायतर गहू निवडायची. मी बगत नव्हते. सुनेच्या तोंडाकडं मातुर बगायची. रडायची न्हाय ती. कवा कवा हसायची बी. मंग साडीचा तुकडा टाकायची आन उठून कामाला लागायची. त्या बसण्यावर तिचा सगळा दिवस उभा हुता. लाईट नसली त्या दिवशी ती कुणाशी बोलायची न्हाय.

लेकाला ते दिसत हुतं. त्येच्या मनात आलं की हे सगळे फोटू जोडून एक पिच्चर करावा, गाणं लावावं, म्हंजे हिला एकेक उघडाया नको. त्येला लागणारं सॉफ्टवेअर इकतचं हुतं. इंटरनेटवर कुटंतरी तेच फुकट घावलं. त्यो घेऊलालता तवा मी तितंच हुते. त्येच्यावर लिवलं हुतं म्हणे, आदी अँटीव्हायरस बंद करा. म्या इचारलं, त्यो काय असतोय? म्हणला, माय, कंप्युटरला रोग लागू नये म्हणून राखण असती ती. म्या म्हणले, मंग बंद कशाला करायची? म्हणला, सगळेच करतेत, जरा येळापुरती.

मला काय कळतंय त्यातलं. चोरानं सांगावं कुत्रं बांधून ठेवा आन घरधन्यानं बांधावं, तसलं झालं हे आता ध्यानात येतंय. तवा कुणाच्याच आलं न्हाय.

त्याच सांजच्याला कंप्युटर कण्हाया लागला. पंख्याचा आवाज वाढला. एक चौकट उघडायची, त्येच्यात काय तरी चुकलंय म्हणून लिवल्यालं असायचं, ल्योक ती बंद करायचा, तवर दुसरी उघडायची. त्येनं बंद करून पुन्ना चालू केला. पुन्ना तेच. आक्का म्हणल्या, म्हातारा झालाय त्यो, तुझ्या बापावानी. सगळे जरा हसलाव.

मंग सुनेनं फोटू ठिवल्याली जागा उघडली. तितं बारके बारके फोटू दिसायचे, रांगंनी. निम्म्या रांगा पांढऱ्या झाल्त्या. कोरा कागूद ठेवावा तशा. आन नावाच्या म्होरं काय तरी शेपूट लागल्यालं, कुणालाच वाचता येईना आसलं. आमच्या देखत एक फोटू हुता, त्यो पांढरा झाला.

सून म्हणली, "अवो, हिचा चेहरा चाललाय."

ल्योक उठून उभा राह्यला, पुन्ना बसला, कायकाय दाबलं. एक चिठ्ठी उघडली, इंग्रजीत. त्येनं वाचून सांगितली. तुमच्या सगळ्या वस्तूला आमी कुलूप घातलंय, किल्ली आमच्याकडं हाय, पैशे पाठवा, लौकर पाठवले तर निम्म्यात देऊ. बाजारात भाजी इकल्यागत लिवलं हुतं. मालक वट्ट्यावरनंच म्हणले, देऊन टाक. ल्योक म्हणला, कुणाला देऊ अण्णा, कुटं राहतेत ते तर म्हाईत पायजे.

तेवढ्यात लाईट गेली.

आमच्याकडं लाईट जाती तवा माणसं शिव्या घालतेत. त्या दिवशी ती गेली हे बरं झालं. कंप्युटर गप झाला. लेकानं मुरुमच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्येनं सगळं ऐकून घेतलं आन सांगितलं, वायर काढून ठेवा. ते एकामागं एक फोटूला कुलूप घालत जातंय. लाईट गेल्यानं मधीच थांबलंय, म्हंजे राह्यल्याले वाचतील. कायबी झालं तरी चालू करू नका, सकाळी तसाच घेऊन या.

लेकानं आमाला सगळ्यांला बसवून हे सांगितलं. आक्कांला बी सांगितलं.

"निम्मे तर निम्मे," सून म्हणली. आन ती जेवली. भाकर मोडून जेवली.

सकाळी ल्योक टमटम बगाया गेला. मोटारसायकलवर कंप्युटर आदळत गेला आसता. सून धुणं घेऊन बोअरवर गेली. घरात मी आन आक्का, भायेर मालक.

आक्का कंप्युटरम्होरं जाऊन बसल्या. साडीचा तुकडा काढून बगितला, पुन्ना टाकला. मला म्हणल्या, "येवढं पांढरं फटक उगं व्हतंय का? यव्वा, नजर हाय ही कुणाची तरी. लेकराला लागली, आता त्याच्या फोटूला लागली. दृष्ट काढू."

आमच्याकडं दृष्ट सगळ्याची काढतेत. गाभण म्हशीची काढतेत, नव्या ट्रॅक्टरची काढतेत. म्या मीठ, मव्हरी, वाळल्या मिरच्या काढून दिल्या. आक्का म्हणल्या, वायर लाव, चालू कर.

म्या म्हणले, आक्का, चालू करू नका म्हणलाय त्यो.

"मेल्याची दृष्ट काढतेत का कुटं? जित्यावरनं उतरावी लागती. ट्रॅक्टर चालू करून काढतेत का बंद?"

म्या मालकाकडं बगितलं. मालक म्हणले, "काढू दे तिला. मिरच्या ओवाळल्यानं काय मशीन जळतंय का."

लाईट आल्ती. वायर आक्कांनीच लावली, बटन बी त्येंनीच दाबलं, नातवाच्या घरी बगितलं हुतं त्येंनी. कंप्युटर घुमाया लागला. त्येच्या डब्याला म्होरं एक बारका तांबडा दिवा हाय. त्यो लुकलुक लुकलुक कराया लागला, थांबायचं नावच घेईना. एरवी त्यो अदनंमदनं लुकलुकायचा.

आक्का म्हणल्या, "बग, जीव आला त्येच्यात."

मला बी तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं त्यो दिवा बगून.

आक्कांनी ओवाळलं. वरनं खाली, खालनं वर. कुणाची लागली आसंल ती जळू दे, आल्या गेल्याची, पापी दृष्टीची, म्हणत म्हणत. मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका आला न्हाय. ठसका आला न्हाय म्हंजे दृष्ट लई हुती. दृष्ट काढल्यावर लगी हात लावत न्हाईत, हलवत न्हाईत, म्हणून आमी कंप्युटर तसाच चालू ठिवला. म्या च्या टाकला. आमी दोघींनी च्या पिला, मालकाला दिला.

पुढं धाराशिवच्या एका कंप्युटरवाल्यानं सांगितलं तवा मला कळलं, त्यो तांबडा दिवा लुकलुकतो तवा आतली, फोटू ठेवायची डबी काम करत असती. त्या दिवशी ती कसलं काम करत हुती ते तुमाला कळलंच आसंल.

सून धुण्याची बुट्टी कमरेवर घेऊन आली. तिनं उंबऱ्यातनं आवाज ऐकला. बुट्टी खाली ठिवली न्हाय तिनं, तशीच खोलीत आली, एका हातानं वायर उपसली. मंग बुट्टी ठिवली.

मला म्हणली, "कवापासनं चालूय?"

म्या म्हणले, "तू गेलीस तवापासनं."

ती भायेर गेली आन धुणं वाळत घातलं. एकेक कापड झटकून, काठाला काठ लावून. आक्का माझ्याकडं बगूलालत्या, काय झालं म्हणून. मला बी तवा कळलं नव्हतं.

टमटममदी सून, ल्योक आन मी बसून मुरुमला गेलाव. दुरुस्तीवाल्याचं दुकान बारकं, जिकडं बगंल तिकडं उघडे डबे, तारा. त्यो एका गिऱ्हाइकाशी कानडीत बोलत बोलतच आमचा डबा उघडाया लागला. आतनं साबणाच्या वडीयेवढी डबी काढली. म्हणला, सगळं ह्येच्यात असतंय. ती त्येनं आपल्या मशीनला जोडली. आमच्या मशीनमदी रोग जागा हाय म्हणून तिच्यावरनं चालू करायचं न्हाय, पाव्हण्यागत भायेरनं जोडून साफ करायचं, आसं काय तरी लेकाला सांगूलालता. लई येळ ते चाललं. किती निघालं, काय निघालं ते लाल अक्षरात येऊलालतं. ते फुकटचं सॉफ्टवेअर निघालं, त्येच्या पोटातनं आल्यालं आणखी कायकाय निघालं. कंप्युटर चालू केला की आपोआप उठून पुन्ना कामाला लागायचं आसं एक त्येनं लपवून ठिवलं हुतं, ते बी निघालं.

मंग म्हणला, "कीड मेली बगा. मशीन साफ हाय आता. पर खाल्ल्याले दाणे काय परत येत न्हाईत."

सून म्हणली, किती राह्यलेत ते बगा.

त्येनं बगितलं. सगळ्याला शेपूट लागल्यालं. सून म्हणली, एकेक उघडा. त्यो म्हणला, ताई, सगळे सारखेच हायेत. ती म्हणली, तरी उघडा. त्येनं काय काय उघडून दाखवले. एक बी उघडना.

त्येला वाटलं दुकानदारी करावी, त्येची बी काय चूक न्हाय. म्हणला, "सोडा आता. फॉरमॅट मारून देतो, सगळं पुसून मशीन नव्यावानी हुईल."

सुनेनं हात पुढं केला आन त्या डबीवर पालथा ठिवला. "ह्येच्यात माझी लेक हाय," म्हणली.

त्यो लेकाकडं बगाया लागला. लेकानं हळू सांगितलं त्येला. मंग त्येनं डबी आपल्या फडक्यानं पुसली, परत डब्यात बसवली, स्क्रू आवळले. धाराशिवला एक माणूस हाय म्हणला, गेल्यालं काढून देतो कवा कवा. तितं न्या. तवर चालू करू नका. हे म्हणताना त्यो माझ्याकडं बगत नव्हता, तरी मला वाटलं मलाच म्हणूलालाय.

दुसऱ्या दिवशी धाराशिवची यष्टी धरली. ल्योक म्हणला नुसती डबी नेऊ. सून न्हाय म्हणली, पुन्ना उघडायचा न्हाय कुणी. मंग आख्खा डबा गोधडीत गुंडाळला आन ती मांडीवर घेऊन बसली. मी तिच्या शेजारी. तिकडनं एक बाई बसल्या, नळदुर्गला चढल्या हुत्या. रस्ता आदळायचा तवा सून गोधडीवर दोन्ही हात घालून धरायची.

त्या बाई म्हणल्या, "तोंडावरचं काढा की, गुदमरंल लेकरू."

सुनेनं गोधडीचा कोपरा उचलला आन पत्रा दाखवला. पुन्ना झाकला. त्या बाई तुळजापूर येस्तवर खिडकीतनं भायेर बगत राह्यल्या.

धाराशिवचा माणूस माडीवर बसायचा. अर्ध्या केसाचा, चष्मा. आमाला बसा म्हणला, पाणी दिलं. लेकाचं सगळं ऐकून घेतलं. म्या मधी सांगितलं की आमी दृष्ट काढाया चालू केल्ता. लेकानं ते सांगितलं नव्हतं. माणूस हसला न्हाय. म्हणला, काकू, रात्रीच आणला असता तरी पहिले निम्मे गेलेच असते. मंग म्हणला, पर निम्मे राहिले असते. त्यो खरं बोलणारा हुता.

त्येनं समजून सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. ते कुलूप आसं असतंय की किल्लीबिगर मोडत न्हाय. काय काय येळा चोर सगळ्या घराला एकच किल्ली लावतेत, ती किल्ली शहाण्या लोकांनी हुडकून ठिवलीया, फुकट देतेत. त्येनं ती लावून बगितली. आमचं कुलूप येगळं हुतं. पैशे देऊ का म्हणून लेकानं इचारलं. म्हणला, पैशे देऊन फोटू मिळाल्यालेबी बगितलेत म्या, आन देऊन तसेच बसल्यालेबी. डबी जपून ठेवा. कवातरी चोर धरले जातेत, किल्ल्या भायेर येतेत.

सून म्हणली, "कवा?"

म्हणला, "सांगता येत न्हाई ताई. कदाचित कवाच न्हाई."

ती मान हलवून उठली. तवा त्येनं थांबवलं. म्हणला, एक करता येईल. हा रोग घाईत असतोय. आख्ख्या फोटूला कुलूप लावत न्हाय, वरच्या भागाला लावतो. मोठा फोटू आसंल तर थोडंच जातंय, बारका आसंल तर निम्मं जातंय. तुमचे साध्या फोनचे, बारके हायेत. खालचा भाग निघाला तर निघंल. पर त्येच्यासाठी त्याच फोननं काढल्याला एक चांगला फोटू पायजे, त्येचं डोकं, म्हंजे फायलीची सुरवात, काढून ह्येंला लावून बगाया.

त्यो फोन घरी पेटीत पडला हुता, बॅटरी फुगल्याली. घरी आल्यावर लेकानं त्येला चार्जरच्या वायरला लावलं, वायर ताणून दारापतूर आणली आन मला म्हणला, माय, अंगणात उभी राह. म्या पदर घेतला आन उभी राह्यले. त्येनं फोटू काढला. तेवढ्या एका फोटूसाठी फोन जित्ता राह्यला, मंग बंद पडला त्यो पडलाच, फोटू मातुर त्येच्या कार्डात राह्यला.

डबा आमी तितंच ठिवून आल्ताव. ल्योक एकटाच फोन घेऊन धाराशिवला गेला. मुक्कामी राह्यला. आला तवा डबा आन एक पेनड्राईव्ह आणला.

मालक कवा कंप्युटरम्होरं बसले नव्हते. त्या दिवशी हाताला धरून मधल्या खोलीत आणलं. आक्का तवर त्येंच्या गावी गेल्या हुत्या. आमी चौघं बसलाव. लेकानं एकेक उघडला.

वरचा निम्मा भाग राखेच्या रंगाचा. नुसता राखी. त्येच्याखाली फोटू. फ्रॉकची झालर, गुडघे, पाय. पायातले वाळे. अंगणातली फरशी, शेजारी कोंबडीचं पाऊल. दुसरा उघडला, वर राख, खाली माझी मांडी, माझ्या मांडीवर तिचे पाय. तिसरा उघडला, वर राख, खाली पाय. आसेच सगळे. उभं लेकरू आसो का बसल्यालं, तोंड वर असतंय. एकाच फोटूत ती खाली वाकून काय तरी उचलूलालती, तितं कानाचा डूल दिसला आन गालाची एवढीशी कड. सुनेनं त्यो मोठा करून बगितला. लई मोठा केला की नुसते चौकोन चौकोन दिसाया लागले.

मालक म्हणले, "पाय तिचेच हायेत." मंग म्हणले, "अडकला जीव तर अडकू द्या हितंच. पुसायचं न्हाय आता काय."

सून पायावरनं सांगाया लागली, हा दिवाळीचा, हा माहेरचा, ह्या दिवशी हिनं चप्पल उलटी घातल्ती. ल्योक उठून भायेर गेला. त्येनं त्या दिवसापासनं कंप्युटरला हात लावला न्हाय.

आक्कांला मालकानं फोनवर सांगितलं काय झालं ते. मंग त्या आपल्या गावात, जावांच्या, दिरांच्या घरी पायपीट करून आल्या, कुणाकडं एखादा फोटू राह्यलाय का म्हणून. ज्येंला ज्येंला पुसा म्हणून सांगितलं हुतं त्येंच्याच दारी. सगळे म्हणले, तुमीच सांगितलं, आमी पुसले. त्येंचा फोन आला की सून माझ्याकडं फोन देती. बोलत न्हाय. मी त्या दोघींच्या मधी पडत न्हाय. आक्का बी लेकरासाठीच करत हुत्या, आन सुनेचं बी गेलंय ते गेलंय.

आता सून रोज बसती, पर पयल्यासारखी न्हाय. लगी उठती. मागं एकदा भाकरी थापता थापता मला म्हणली, "आत्या, काल तिचा चेहरा आठवाया बसले, तर निम्मा तिचा आला आन निम्मा माझ्या भावाच्या पोरीचा. तुमाला आठवतोय का सगळा?"

म्या व्हय म्हणले. मला आठवतोय. पर माझे डोळे आता किती दिवसाचे, आन माझ्या डोळ्यातला काढून तिला कसा देऊ.

म्हणून म्या तिला म्हणले, आपून लिवू. ओळखीच्यांनी पुसले, पर अनोळखी माणसाला कुणी पुसा म्हणून सांगितलं नव्हतं. ती जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमी मुरुममदल्या एका लग्नाला गेल्ताव, सुनेच्या चुलतभावाच्या. लई माणूस हुतं, नवरीकडचं, गावोगावचं, सगळ्यांच्या हातात मोबाईल. फोटूवाल्याला लेकानं इचारलं, त्येनं जुनं ठिवलं न्हाय. पर तुमच्यापैकी कुणी त्या लग्नात आसंल, आन आपला फोटू काढताना मागं एखादं लेकरू आलं आसंल. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या वर बांधल्याल्या, उजव्या गालाला काजळाचा टिक्का, कानात तांबडे डूल. ती कार्यालयाच्या पायरीवर बसून जिलबी खाऊलालती, सगळा येळ तितंच हुती, आत यायला तयार नव्हती.

तुमचे जुने फोटू जरा बगा. आसलं लेकरू कुटं मागं, कोपऱ्यात, लांब जरी दिसलं तरी ज्येंनी हे छापलंय त्येंच्याकडं पाठवा, ते आमाला देतील. फोटू कापू नका, हाय तसाच पाठवा. गेल्याल्या लेकराचा हाय म्हणून पुसू नका.